माझ्या दाताची कंबर

आदरणीय व्याहीबुवा,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात आरसा आहे, तेव्हा नमस्कार जरा तिरका समजावा). विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? तुमची दाढ अजून उजव्या बाजूने जेवू देत नाही, असे कानावर आले. वाईट वाटले. मी आज दोन्ही बाजूंनी कच्चे गाजर खाल्ले. आवाज शेजाऱ्यांनीही ऐकला.

ही विजयाची हकिकत पहिल्यापासून सांगतो. माझा वरचा एक दात गेला आणि तुमच्या लेकीने, म्हणजे आमच्या सूनबाईने, तिथे तिच्याच दवाखान्यात नवा बसवायचे ठरवले. हाडात एक स्क्रू, बाहेर दिसणारा दात, आणि दोघांच्या मध्ये हिरडीतून जाणारा छोटासा जोड. सगळी गोम त्या जोडात! ती म्हणाली, हा मध्ये बारीक ठेवू. आता मी जन्मभर टेबले-कपाटे केलेला माणूस (तुमचे जेवणाचे टेबल आठवा, चौघांनाही उचलवत नाही). बारीक पायांवर मी स्टूलसुद्धा उभे केलेले नाही. मी हट्टच धरला, की जोड भरदार आणि पसरट हवा. ती समजावून थकली. शेवटी दर आठवड्याला येऊन दाखवायच्या अटीवर तिने तात्पुरता तसा बसवला, आणि सूनबाईला सुतारकाम मी शिकवले असे मी दुकानात सांगत सुटलो.

पण व्याहीबुवा, हिरडीला सुतारकाम कळत नाही! त्या भरदार जोडाने तिला असे रेटले, की ती लाल होऊन फुगली आणि मग रुसून वर सरकू लागली. हिरडी आणि जोड यांच्यामधल्या खाचेत ब्रश पोचेना. एक्स-रेमध्ये स्क्रूच्या कडेचे हाडही किंचित झिजलेले दिसले. तुमच्या लेकीने ‘मी सांगितले होते’ असे एकदाही ऐकवले नाही (तुमच्याकडे बोलून दाखवायची पद्धत नसावी, आमच्याकडे आहे). तिने माझा जोड काढला आणि आपला, कमरेत बारीक असलेला, बसवला.

आणि काय सांगू! त्या बारीक जागेत हिरडीला अंग पसरायला वाव मिळाला. ती चांगली जाड झाली, जोडाला गच्च बिलगली, आत घाण शिरायची वाट बंद झाली आणि हाड होते तिथे टिकून राहिले. काल तिने नवा एक्स-रे पाहिला आणि भर दवाखान्यात टुणकन उडी मारली. इतके खूश मी तिला लग्नातही पाहिले नव्हते. मला भरून आले, पण तोंडात आरसा असल्यामुळे काही बोलता आले नाही. आता गिऱ्हाइकाला मी आधी दात दाखवतो, मग कपाट.

आपला,
बत्तिशी पूर्ण झालेला व्याही

ता. क. नव्या टेबलाचे पाय कमरेत बारीक केले. टेबल उभे आहे.

ता. क. आणखी एक. दाढ दाखवायला तुम्ही दूरच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाता, हे तिला कळले आहे. ती नुसती रिकामी खुर्ची पुसत राहिली. मला ते बघवले नाही. मी सासरा असून तिच्यापुढे आ केला, तुम्ही तर बाप आहात. या रविवारी या.

ता. क. शेवटचे. भीती वाटेल. मी तिचा हात इतका घट्ट धरून ठेवला होता, की बिचारीला काम सुरूच करता येईना. तिने सोडवून घेतला नाही.