पोलादपूरच्या अंगणातला अनंत

पोलादपूर
१४ सप्टेंबर १९८१

सौ. नलिनीताई यांस,
मंजुळाचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मे महिन्यात घाईघाईत लिहून घेतलेला पत्ता तुम्ही जपून ठेवलात, बरं वाटलं. तुम्ही उभयता खुशाल असाल. इकडचं शेवटी लिहिते, आधी झाडाचं.

अनंताची पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे कुंडीत चुना गेलाय. बिल्डिंगच्या आवारातली माती भरली असेल तर ती काढून टाका. या झाडाला चुना सोसत नाही. आमच्या घराला चुना काढताना आई झाडाच्या बाजूची भिंत कोरी ठेवायची, लोक हसले तरी. तांबडी माती घाला, कुजलेला पाला घाला, अधूनमधून पातळ आंबट ताक ओता. कळ्या धरल्यावर कुंडी हलवू नका, गळतात. बहर सरला की शेंडे खुडायचे. तिथे हात कचरला तर झाड नुसतं उंच जातं आणि मधे पोकळ राहतं. खुडलं की गच्च, बुटकं होतं आणि बारा महिने हिरवं राहतं.

'आजींना विचारून कळवा,' असं तुम्ही लिहिलंय. आई ऑगस्टमध्ये वारली. वरचं सगळं तिनंच मला वेळोवेळी सांगितलेलं. तुमची आठवण काढायची.

तुमच्या यजमानांना नमस्कार.

आपली,
मंजुळा


पोलादपूर
१४ सप्टेंबर १९८१

महादू,
जयभीम.

पाकिटावर तुझं नवं नाव घातलंय, माधवराव, आणि पत्ता ऑफिसचा. तेव्हा काळजी नको. तुझी तब्येत बरी असेल. इथे पाऊस ओसरलाय. शाळेत सहामाहीचे पेपर काढायचं काम माझ्याच गळ्यात आहे.

नलिनीचं पत्र आलं होतं. अनंताची पानं पिवळी पडली, काय करू, म्हणून. तिला आजच उत्तर टाकलं. घाबरू नको, झाडाचंच लिहिलं. आणि आई गेली, एवढं लिहिलं.

होय, आई गेली. ऑगस्टमध्ये, तापानं. मी तार करायला निघाले होते. तिनं हात धरला. म्हणाली, "नको गो. तो बायकोला काय सांगंल? कुणाची आय मेली म्हणून सांगंल?"

मे महिन्यात तुमची टॅक्सी आंबेनळी घाट चढायच्या आधी नेमकी आपल्या दारात तापली, त्याला तू तरी काय करणार होतास. ड्रायव्हर पाणी मागायला आला. त्याच्यामागून नलिनी. तिला रस्त्यावरूनच फुललेला अनंत दिसला होता. तू पलीकडच्या कडेला सिगारेट पेटवून घाटाकडे बघत उभा होतास. इतक्या वर्षांनी आईनं तुला पाहिलं. मला वाटलं, आता हाक मारील. तिनं पदर सारखा केला आणि नलिनीला म्हणाली, "ये गो बाय, सावलीत बस."

ती पोरगी भाबडी आहे. अर्ध्या तासात सगळा संसार सांगून मोकळी झाली. म्हणाली, "यांना आई नाही हो आजी. लहानपणीच गेली. म्हणून असे घुमे झालेत." आई तेव्हा डब्यात रुजवलेलं रोप तिच्यासाठी ओल्या फडक्यात बांधत होती. तिचा हात थांबला नाही. "मग त्याला वेळेवर जेवू घाल," म्हणाली. "आय नसलेलं पोर भूक लागली तरी बोलत नाय."

मी तांब्या-पेला घेऊन आले. नलिनीनं हात पुढे केला, आणि तू रस्त्यावरून ओरडलास, "तिथलं नको, गाडीत थर्मास आहे." आपल्याच हंड्यातलं पाणी ड्रायव्हर गाडीत ओतत होता. गाडीला चाललं.

तू भीतीनं बोललास की आता तुला खरंच तसं वाटायला लागलंय, हे मला अजून कळलेलं नाही. आईला विचारलं तर म्हणते, "मे महिन्याचं पाणी, गढूळ असतं. बायकोची काळजी करतो." त्यावरून मी तिच्याशी भांडले. तुझ्या बाजूनं ती आणि तुझ्यापायी तिच्याशी भांडणारी मी, असंच आम्हा दोघींचं चालत आलं. माझं लग्न राहिलं तेव्हाही ती हेच म्हणाली होती, आधी महादूचं शिक्षण होऊ दे.

स्मशानात शेजारच्या गोमाजीकाकांनी विचारलं, "पोराला कळवलं का नाय?" मी म्हटलं, पत्ता नाही. अग्नी मीच दिला. पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती आली, जेवली. तिथे तुझं नाव कुणी काढलं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नलिनीला खरं सांगायला एक ओळ पुरली असती. ती लिहिली नाही. तुझ्यासाठी नाही. तिच्या मनात आमच्याबद्दल काही वाईट नव्हतं, म्हणून.

माझं पत्र ती तुला वाचून दाखवील. "पोलादपूरच्या त्या आजी गेल्या हो," म्हणेल. कदाचित तिचे डोळेही भरतील. तेव्हा तुला पेपरातून मान वर काढून, "कोण आजी?" असं विचारावं लागेल. ते तुला नीट जमावं, म्हणून आधी कळवते आहे. रडायचं असेल तर ऑफिसातच रडून घे. घरी तुझी आई केव्हाच मेलेली आहे.

आईची एकुलती एक,
मंजुळा