टणक राहिलेली चवळी

माय, आज चवळीचं कालवण केलं, अगदी तुझ्या पद्धतीनं, आणि मऊ शिजलेल्या चवळीचा पहिला घास घेतल्याबरोबर तुझा इतका राग आला की ताट सरकवून हे लिहायला बसले. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

चवळी, जाळावर भाजलेला कांदा, जरासं सुकं खोबरं आणि रस्सा दाट करायला येसराचं भाजकं पीठ. एवढ्यात तू पातेलंभर कालवण करायचीस आणि वीस माणसं पोटभर जेवून उठायची. शेंद्र्याच्या कंपन्यांत लागलेली गावाकडची पोरं आपल्या खानावळीत त्याच्यासाठीच यायची. गावच्या विहिरी आटल्या म्हणून शहरात आलेली. इथं तरी पाणी कुठं होतं? नळ आठ दिवसांनी, तोही तासभर. बाकी सगळं टँकरवर, आणि टँकर भरायचा कुठल्यातरी खोल बोअरला. त्या पाण्यात साबणाला फेस येत नव्हता. नळाचं पाणी तू आतल्या हंड्यात ठेवायचीस. "ते प्यायचंय. हात लावलास तर याद राख." मी नवऱ्याचं घर सोडून तुझ्या दारात येऊन पडलेली. मला एवढंच हवं होतं की ती चूल माझ्या हाती यावी, म्हणजे कुणाच्या तुकड्यावर जगावं लागणार नाही. तसं मी तुला बोललेही होते. तू म्हणालीस, "बघू की. आधी एक दिवस रांधून तर दाखव."

तो दिवस आला. तू तापानं फणफणलेली, आतल्या खोलीत पडून. मी पातेलं चढवते, टँकरचं पाणी ओतते. दहा वाजतात, अकरा वाजतात. रस्सा झकास झालाय, वास गल्लीभर गेलाय, आणि चवळी मात्र दाताखाली कटकट वाजते. दुपारपाळीची पोरं जेवायला बसतात. एक जण म्हणतो, "ताई, आज खडे लई झाले की." सगळे हसतात. तेवढ्यात तू भिंतीला धरून बाहेर येतेस, ताटातली एक चवळी बोटांत दाबून बघतेस आणि त्या सगळ्यांपुढं म्हणतेस, "उतरव ते पातेलं. हिच्या हातानं संसार शिजला नाय, चवळी काय शिजणार!"

आठ दिवसांत भावजय गावाहून आली आणि चूल तिची झाली. मी शेंद्र्याला पॅकिंगला लागले. अकरा वर्षं उभ्यानं काम केलं, पायांच्या शिरा सुजल्या. चार माणसांसाठी रांधायचं म्हटलं की अजून दुसऱ्या कुणाला तरी पुढं करते, ते तुझ्या त्या एका वाक्यानं.

तू गेल्यावर मी नव्या वसाहतीत खोली घेतली. शेजारीण पैठणची. माझी टणक उसळ बघून ती म्हणाली, "बोअरच्या पाण्यात कडधान्य शिजतं व्हय कधी? नळाचं घाल की." आणि तू डोळ्यांपुढं आलीस. चवळी चढवायच्या आधी त्या हंड्यातून कळशी भरून काढणारी. मी समजायचे, पोरांच्या पिण्याच्या माठासाठी नेतेस. तुला ठाऊक होतं, माय! तापात पडल्या पडल्या एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? चूल माझ्या हाती जाईल म्हणून पोटच्या पोरीशी असं वागतात का गं? तुला मी माफ केलेलं नाही.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, भावजयीला तर नाहीच. कारण एक गोष्ट सांगायची राहिलीय. आदल्या संध्याकाळी तू तापातही दोनदा ओरडून सांगितलं होतंस, चवळी भिजत घाल. मी विसरले. सकाळी कोरडीच पातेल्यात टाकली, आणि तू विचारलंस तेव्हा "घातली होती" म्हणून मोकळी झाले. म्हणजे खोट पाण्यात होती की माझ्यात, ते आता कोण सांगणार. पण माय, दुसऱ्या दिवशी तू मला परत एकदा चूल द्यायला पाहिजे होतीस.