दार फक्त एकदा उघडलं

२ फेब्रुवारी
“तू पेरलेलं बी उकरून बघणारी पोर आहेस,” असं आई मला एकदा म्हणाली होती. आज आठवायचं काही कारण नाही. मशीन सुरू केलं, इतकंच.

आत लेकीच्या लग्नातला बुके आहे. पांढरे गुलाब, आईने लावलेल्या झाडाचे. शेवटचेच. आई जाऊन वर्ष झालं नाही आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दादाने झाड तोडलं. गाडी लावायला जागा हवी म्हणे. शी! गाडी तरी कसली, डबडं.

लेक बुके हिमराणीकडे देणार होती. हिमराणी म्हणजे चौकातली, माझ्याच फुलं टिकवायच्या धंद्यातली, पांढरा कोट घालून मिरवणारी. घरात मशीन असताना? मी लेकीच्या हातातून काढूनच घेतला.

आधी फुलं गोठवायची. मग मशीन आतली हवा ओढून घेतं आणि बर्फ न वितळता उडून जातो. फुलं जन्मभर तशीच राहतात. पंधरवडाभर दार उघडायचं नाही, एवढाच नियम.
संकल्प: उघडणार नाही.

४ फेब्रुवारी
उघडलं. बघायला नाही, तपासायला. फरक आहे.

६ फेब्रुवारी
एका नवरीची आई बुके घेऊन आली. आठवडाभर गाडीच्या डिकीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तळाशी तपकिरी पाणी, वर बुरशीची लव. म्हणे, होता तसा करून द्या. पिशवीची गाठ सोडली आणि लगेच परत मारली. म्हटलं, बाई, हा बुके नाही, हे मढं आहे. तर मलाच म्हणाली, मग तुमचं मशीन कशाला?
लोकांना नियम पाळायला नकोत. वर तोंड करून बोलायचं.
जेवण गेलं नाही. मन रमावं म्हणून जरा दार उघडलं.

९ फेब्रुवारी
खालच्या खणात कापलेला कांदा सापडला! ह्यांचं काम. मशीन सुरू व्हायच्या आधीच सरकवून ठेवला होता. म्हणे, जागा रिकामीच होती, वाळला तर प्रवासात उपयोगी पडेल. आईच्या गुलाबांना कांद्याचा वास! ह्या माणसाबरोबर मी संसार केला.
मी दार उघडलं नसतं तर कळलं असतं का? म्हणजे उघडलं ते बरंच झालं.
त्यावर हे म्हणतात, दाराला कुलूप लावू, किल्ली माझ्याकडे ठेवतो. नवरा आहे की वॉचमन? बोलणं बंद.

११ फेब्रुवारी
पाकळ्या कागदासारख्या कडक. देठाशी, जिथे फूल जाड असतं तिथे, किंचित गार आणि ओलसर लागतं. माझ्याच बोटांना घाम असेल.
झालंच म्हणायचं. हिमराणी पंधरवडा घालवते. हातात कसब लागतं, ते कोट घालून येत नाही.
बुके काचेच्या पेटीत बसवला. लेकीला फोटो पाठवला. तिने विचारलं, इतक्यात? कौतुकाने विचारलं असणार.

१३ फेब्रुवारी, सकाळ
काचेला आतून घाम. काचवाल्याला फोन करून झापलं. तो म्हणतो, बाई, काचेला स्वतःहून घाम येत नसतो, आत काय ठेवलंय ते बघा. उर्मट.

१४ फेब्रुवारी
लिहवत नाही. माना पडल्या. पाकळ्या तपकिरी, बुळबुळीत, उकळून टाकलेल्या चहाच्या चोथ्यासारख्या. पेटी उघडली तर कांदा आणि कुजकं पाणी. नाकाला पदर लावून उभी राहिले. आईची फुलं, आणि मी नाकाला पदर लावून.
दोष कुणाचा: कांदा. काच. दादाची गाडी.

१६ फेब्रुवारी
लेक आली. पेटीकडे बघितलं, नाक मुरडलं नाही. एवढंच विचारलं, आई, किती वेळा उघडलंस? मी म्हटलं, एकदाच. ह्यांना नेमका तेव्हाच खोकला आला.
वाटलं, रडेल. रडली नाही. म्हणाली, एक फूल आहे. लग्नाच्या दिवशीच बुकेतून काढून डब्यात घातलं, तिच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. आजी सांगून गेली होती म्हणे, तुझ्या आईच्या हाती सगळंच्या सगळं देऊ नकोस. उद्या ते हिमराणीकडे जाणार.
लेक गेल्यावर पेटी धुतली. तीनदा साबण लावला, वास जात नाही. हातांचाही जात नाही.
लेक नाहीच म्हणणार. आजीची नात आहे. तरी आत्ता मेसेज लिहिला: फूल मला देऊ नकोस, हिमराणीलाच दे. पण नेण्याआधी डबा एकदा उघडून दाखव. हात लावणार नाही. नुसतं बघेन.