साडेआठची नोंद

४ मार्च

चि. टकलू यास,
अ. उ. आ.

काल, मंगळवार, ३ मार्च, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी तुझ्या चार माणसांनी हवामान केंद्राच्या गवतावरची तापमापकाची पांढरी पेटी उपटली आणि चाळीस पावलं नेऊन तुमच्या नव्या इमारतीच्या भिंतीला खेटून, फरशीवर उभी केली. पावलं मी स्वतः मोजली, आणि गुडघे दुखत असताना मोजली, हेही ध्यानात घे. साडेआठच्या नोंदीला दहा मिनिटं उरली होती. मुकादमाला जाब विचारला तर त्याने कागद पुढे केला. खाली सही तुझी. त्या सहीतला शेपटीवाला फराटा मी तुझ्या प्रगतिपुस्तकावर, तुझ्या बापाच्या नावाखाली पाहिलेला आहे, त्यामुळे ओळखण्यात माझी चूक होणार नाही.

त्या पेटीत मी एकतीस वर्षं रोज डोकावले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण माझ्यामागून आलेली मुलगी त्याच गवतावर, त्याच वेळी डोकावते. त्या आकड्यांना किंमत आहे ती तेवढ्यामुळेच. आता फरशी तापेल, भिंत तापेल, पारा अर्धा-एक अंश वर चढेल, आणि वहीत तो आकडा आदल्या दिवसाच्या खाली असा निमूट बसेल की जणू काही घडलंच नाही. जगाचं तापमान वाढतंय असं तुम्ही भाषणांत म्हणता, ते कुणी आभाळाच्या कपाळाला हात लावून ठरवलेलं नाही. अशा हजारो पेट्या आणि हजारो वह्यांमधून ते कळलं. आमच्या वहीतही ते खरोखरच वाढलेलं आहे. त्यात तुझ्या भिंतीची ऊब मिसळली, की उद्या एखादा शहाणा नेमकं तेवढंच दाखवून म्हणेल की वाढबीढ सगळी थाप आहे.

आणि इमारतीचं नाव काय, तर शाश्वत विकास भवन. सदतीस वर्षं जी एक वस्तू जागची हलली नव्हती ती हलवून बांधलेलं.

पेटी परत जागेवर ने. ते जमत नसेल तर तारीख, वेळ आणि कारण वहीत लिही. तुझी आई म्हणते, मी जरा शांतपणे घ्यावं. ती जन्मापासून शांतपणे घेत आली आहे, म्हणूनच आमच्या घरातलं एकही घड्याळ बरोबर चालत नाही.

लोभ आहे. तो या आठवड्यात फार ताणू नकोस.

तुझी मावशी


८ मार्च

ती. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

तीनदा फोन केला, तू तीनदा कापलास, म्हणून लिहितो आहे. पत्र तू कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवलंस. आवक-जावकच्या कारकुनाने त्यावर ‘तक्रार’ असा शिक्का मारून क्रमांक घातला आणि ते उघडून माझ्या टेबलावर ठेवलं. आता टकलू हे नाव सरकारदरबारी रुजू झालं आहे.

जागा मी हौसेने बदलली नाही. आगीच्या बंबाला आत यायला रस्ता हवा होता आणि तो त्या गवतावरूनच निघत होता. इमारत तू आतून पाहिलेली नाहीस. तिथे दिवसा दिवे लावावे लागत नाहीत, छतावर वीज तयार होते, पावसाचं पाणी टाकीत साठतं. तू समजतेस तितके आम्ही वाया गेलेले नाही.

सोमवारी, सोळाला, दहा वाजता उद्घाटन आहे. दालनात तुमच्या वह्यांमधला सदतीस वर्षांचा आलेख भिंतभर लावतो आहोत आणि शेजारी तुझा फोटो. हे तुला आयत्या वेळी सांगणार होतो. साहेबांचं म्हणणं, रेघ सलग दिसली पाहिजे, मध्ये टीप-बिप नको. पेटी हलवल्याचं वहीत लिहिलं, तर ते भिंतीवरही दाखवावं लागेल.

आणखी एक, रागावू नकोस. आलेखासाठी सगळ्या वह्या मी स्वतः चाळल्या. चौतीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये १३ ते २३ तारखेचे अकरा आकडे एकाच बैठकीत, एकाच शाईने लिहिलेले दिसतात. आणि ते आदल्या वर्षीच्या त्याच तारखांचे आहेत, दशांशासकट. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. एवढंच म्हणतो, की कधीतरी सगळ्यांच्याच हातून थोडं इकडचं तिकडे होतं. मी काही पाहिलं नाही. तूही माझ्याकडे तेवढा कानाडोळा कर.

आईला नमस्कार. गुडघ्याला शेक घे. तुझा लोभ असाच, फक्त जरा खालच्या आवाजात, राहावा.

तुझा आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
तक्रार क्रमांक ११८


११ मार्च

चि. टकलू यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल मिळालं. वाचून तीनदा उठले, तीनदा बसले, दूध उतू गेलं. तुझ्या आईने काय झालं ते विचारलं, तर तिच्यावरच खेकसले.

ते अकरा आकडे खोटे आहेत. मीच लिहिले.

तुझा वाढदिवस बारा ऑगस्टला येतो. तेरापासून मी कुठे असेन, हे इंजिनीअर होऊनही तुला सुचू नये, याला काय म्हणावं. तू सातव्याच महिन्यात आलास, अंड्यासारखा गुळगुळीत. तुझी आई तापाने फणफणलेली, तुझा बाप परगावी, आणि तू इस्पितळात काचेच्या पेटीत. केंद्रावर माझ्या जागी दुसरं कुणी नव्हतं आणि रजेचा अर्ज द्यायचंही भान मला राहिलं नाही. बाराव्या दिवशी कामावर गेले, वहीतले अकरा रिकामे रकाने पाहिले आणि धीर सुटला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं होतं, की चूक खोडायची नाही, तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. रिकाम्या रकान्याचं काय करायचं, ते त्यांनी शिकवलं नव्हतं. मी आदल्या वर्षीची वही उघडली. त्यानंतर ते पान मी कधी उलटलं नाही.

तुझा कानाडोळ्याचा सौदा मला नको. आज सकाळी केंद्रावर गेले आणि त्या मुलीच्या देखत अकराही आकड्यांवर एकेक रेघ मारली. बाजूला लिहिलं, ‘निरीक्षण झाले नाही. आकडे मागाहून घातलेले. निरीक्षक विनारजा गैरहजर.’ खाली सही आणि आजची तारीख. तिने टीपकागद पुढे सरकवला. रेघा सरळ आल्या.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवसांतलं तिला काहीच आठवत नाही. काचेशी उभी असलेली माझी पाठ तेवढी आठवते.

साडेआठची नोंद मात्र मी त्या अकरा दिवसांतही चुकवलेली नाही. नर्स तुझ्या पेटीतला पारा वाचायची आणि मी आकडा औषधाच्या चिठ्ठीमागे टिपायचे. ती चिठ्ठी सोबत पाठवते आहे. सगळे आकडे खरे आहेत. हवेचे नाहीत, म्हणून वहीत बसले नाहीत, एवढंच.

आता एक रकाना तुझा उरला. तारीख, वेळ, चाळीस पावलं, कारण, आणि खाली तुझी स्वतःची सही, बापाची नको. भिंतीवरची रेघ दोन ठिकाणी तुटलेली दिसली पाहिजे. एक जागा माझी, एक तुझी, आणि दोन्हींखाली का तुटली ते लिहिलेलं. साहेबांना सलगच हवी असेल, तर त्यांनी शेजारी स्वतःचा फोटो लावावा, माझा उतरवावा.

लोभाची चौकशी करू नकोस, तो त्या चिठ्ठीमागे लिहिलेला आहे. उत्तर मात्र लेखी हवं, शाईने, घरच्या पत्त्यावर, सोमवार, १६ मार्च, सकाळी साडेआठच्या आत.

तुझी मावशी