सांधलेला पाटा

पोलादपूर, शिमगा, १९५८

चि. तुळसास दादाचा आशीर्वाद.

सवयीनं 'सौ.' लिहिलं गो, म्हणून पयला कागद फाडला.

दाजी लॉरीसकट आंबेनळीच्या दरीत गेले, त्याच्या आठ दिवस आधी तिच्या स्प्रिंगचा मोडका पाटा मीच भट्टीत सांधून दिला होता. असा पाटा घाटात टिकत नाय, हे मला ठाऊक होतं. पण दाजी घाईत होते, मला नाय म्हणवलं नाय.

दरीतून लॉरीचं भंगार माझ्याच भट्टीवर आलं. पाटा माझ्याच सांध्यावर तुटलेला. कुणाला दिसू नये म्हणून त्याचा कोयता ठोकला, नि तुलाच दिला. तुझ्या घरात कोण शोधणार?

काल तू म्हणालीस, "कोयता दगडावर बसला तरी धारेला खांड पडली नाय. दादा, तुझ्या हातचं मोडत नाय."

मी हो म्हणून मान हलवली, नि आज हा कागद लिहायला बसलो.

तुझा दादा,
हैबती