लैलाच्या कॉम्प्युटरचे पंखे

४ मे, रविवार
लैलाचा कॉम्प्युटर आज पुन्हा बंद पडला. तापतो आणि झोपतो. कार्ल्याला बिल्डर राजेश्वरी मॅडम एक बंगला बांधणार आहेत, त्याची थ्रीडी चित्रं काढायचं काम पोरीला मिळालंय. तिचं स्वतःचं पहिलं काम. शनिवारी मॅडम बघायला घरी येणार. इकडे चित्र निम्मं झालं की स्क्रीन काळी.
लैला म्हणाली, लोणावळ्यात दुरुस्तीला देते. मी नको म्हटलं. घरचं मशीन परक्याच्या हातात कशाला? बेकरीचा मिक्सर मी स्वतः उघडला होता. नंतर नवा आणला, पण त्याची कारणं वेगळी होती.
निर्णय: आणखी दोन पंखे बसवायचे. स्वतः.

५ मे
पंखे मागवले. व्हिडिओ लावला. सांगणारा फार पाल्हाळ लावतो. निम्म्यातच सगळं कळलं. वारा आत, वारा बाहेर. लैलाची अम्मी नूर म्हणाली, उरलेला निम्मापण बघा. तिला टेक्निकल गोष्टींची भीती वाटते.

६ मे, संध्याकाळ
पंखे आले. वायरीच्या टोकाला भोकं तीन, मदरबोर्डवर पिना चार. सरळ फसवणूक. विक्रेत्याला फोन करून सुनावलं. तो म्हणाला, तीनवालं चारवर बसतं, फक्त खाच जुळवा. मला माहीत होतं. त्याला माहीत आहे का, ते बघत होतो.

७ मे
बसवले. एका पंख्याच्या वायरीला जागा मिळेना. मधोमध एक मोक्याची जागा होती, पण तिथे आधीच कुठली तरी जुनी वायर. ती काढली, नवी लावली. जुनी टेपने बाजूला चिकटवली. काम नीटनेटकं.
दोन्ही पंखे पुढच्या बाजूला, वारा बाहेर येईल असे लावले. अंगाला वारा लागला तरच पंखा चालू आहे हे कळणार ना. चालू करून बघितला. केरबा आबा दूध घालायला आले होते, ते खुर्ची ओढून समोरच बसले. "लय गार वाटतंय, इर्शादभाऊ. आमच्याकडं बी एक बसवा."
तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला. नवीन आहे, रुळायला वेळ लागणार.
लैला अजून साईटवर आहे. आली की थक्क होईल.

८ मे
काल रात्री लैला आली आणि थक्क झाली. पूर्वी चित्र निम्म्यावर थांबायचं, आता सुरूच होत नाही. न जेवताच झोपायला गेली. नूर माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, कॉम्प्युटरच जुना झालाय.
आज सकाळी लैलाने तो उघडला. मला पलंगावर बसायला सांगितलं. "अब्बा, तुम्ही काढलेली वायर प्रोसेसरच्या पंख्याची होती. तो फिरतच नव्हता."
म्हटलं, मग तिथे तसं लिहायला हवं.
तिने लिहिलेलं दाखवलं. अक्षरं फार बारीक आहेत.
मग तिने ती वायर होती तिथे लावली. माझा एक पंखा उलटा केला, दुसरा मागे नेला. जुन्या पंख्यात मैद्याचा थर निघाला. मी सांगितलं, बेकरी खाली, आपण वर, मैदा जिना चढत नाही. तिने माझ्या बाहीकडे बघितलं.

९ मे, शुक्रवार
चालला. सकाळपासून चित्र तयार होतंय. मी शेजारी बसलो. हात लावायचा नाही, अशी अट आहे. पडवी आली, मग खिडक्या, मग मागे कार्ल्याचा डोंगर. पोरीने हे सगळं मनात कुठून आणलं, कळत नाही. बघता बघता ती टेबलावर डोकं ठेवून झोपली. खाली जाऊन भट्टीवरच्या माणसांना हळू बोलायला सांगितलं. पंख्यांना आवाजाने काही होत नाही, पण काळजी घेतलेली बरी.

१० मे, शनिवार
मॅडमना चित्रं फार आवडली. सुदुंबरे गावातल्या बंगल्याचं आणखी एक काम लैलाला दिलं. नूरने त्यांना नानकटाई बांधून दिली.
जाता जाता मॅडम म्हणाल्या, त्यांच्या ऑफिसातला कॉम्प्युटरही तापतो. मी त्यांना वाऱ्याचं तत्त्व नीट समजावलं. सोमवारी येऊन दोन पंखे बसवून देतो म्हटलं.
लैला लगेच म्हणाली, "मॅडम, सोमवारी अब्बांना बेकरीतून निघता येत नाही."
सोमवारी बेकरी बंद असते. पोरीच्या ध्यानात राहिलं नसेल.