एकाच हाताच्या तीस प्रश्नावल्या

सर, आज तुमचा लई राग यायलाय, आणि तो काढावा तर तुम्ही आता हयात नाही.

इथं लातूरला मी अकरावीच्या पोरींकडून मानसशास्त्राचे प्रकल्प करून घेते. विषय त्यांचा, प्रश्नही त्यांचे. उमरीची एक अबोल पोर हॉस्टेलवर राहते. तिनं हॉस्टेलच्या मुलींची झोप हा विषय घेतला. तीस मुलींकडून, नाव न घेता, प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या. महिन्यानं गठ्ठा आला. पेनं निरनिराळी, अक्षर मात्र एकच! मी भर वर्गात तो टेबलावर आपटला. "खोटी माहिती आणताना लाज नाही वाटली?" ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, पोरी भरूनच देत न्हाईत. पण खोटं काईच न्हाई त्यात." मी म्हटलं, "वर तोंड करून बोलू नकोस."

हे वाक्य तुमचं, सर. नांदेडच्या कॉलेजात माझाही गठ्ठा मीच भरलेला निघाला, तेव्हा हेच म्हणत तुम्ही तो टराटरा फाडलात. त्या दिवशी मी घडले, असं मी वीस वर्षं पोरींना कौतुकानं सांगत आले.

त्या दिवसापासून ती वर्गात नाही. काल मी तो गठ्ठा पहिल्यांदा वाचला. प्रत्येक कागदावर आदल्याच्या पुढची तारीख, ओळीनं तीस दिवस, तिचेच. किती तास झोपलीस? चार. तीन. दोन. झोप येत नाही हे कुणाला सांगितलंस? कुणालाच नाही. एकोणतीस वेळा कुणालाच नाही, आणि शेवटच्या कागदावर, 'उद्या मॅडमला देणार आहे.'

तिच्या घरी फोन केला तर वडील म्हणाले, "घरीच हाय. जेवत न्हाई, बोलत न्हाई. तुमचं नाव काढलं की रडायलीय." उद्या सकाळी नांदेडला बस बदलून उमरीला जाते. हाकललं तरी ओट्यावर बसून राहीन. चुकले म्हणेन, आणि रात्री काय होतं ते विचारेन. ती बोलेल का, कोण जाणे.

हे पत्र कुठं टाकणार, पर्समध्येच राहील. पण एक कबूल करते. तुम्ही फाडलेल्या त्या कागदांत माझंही सगळं खरंच होतं, सर. आई जाऊन महिना झाला होता. तुम्ही विचारलं नाही, आणि मी भीतीनं सांगितलं नाही.